बाप्तिस्म्यानंतर

बाबा पदमनजी मुळे हे नाव मराठी वाचकाला एका परीक्षेतल्या प्रश्नामुळे माहीत असते: मराठीतली पहिली कादंबरी कोणती? उत्तर, १८५७ चे ‘यमुनापर्यटन’. त्यावर वाद आहेत, ते इथे नकोत. पण हे बाबा बेळगावचे, ही गोष्ट बेळगावातही फार जणांच्या गावी नसते. १८३१ साली इथल्या कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला, सुरुवातीचे शिक्षण इथल्याच मिशन शाळेत झाले, पुढे ते मुंबईला गेले, आणि १८५४ च्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला तोही बेळगावातच. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले होते. म्हणजे बाबांच्या जन्माच्या आधीच ख्रिस्ती उपदेश इथल्या बाजारपेठेत ऐकू येऊ लागला होता.

अशा धर्मांतराची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. जात तुटली, आईवडील दुरावले, समाज खवळला, मिशनरींनी आसरा दिला. हे सगळे खरेच असते. पण ही बाहेरची लढाई झाली. बाबांनी १८८० च्या दशकात ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. त्याचा मोठा भाग बाप्तिस्म्याच्या आधीच्या वर्षांचा आहे आणि त्यातली खरी झुंज घराच्या उंबऱ्यावरची नाही, आतली आहे. लहानपणी हा मुलगा अतिशय भाविक. व्रतवैकल्ये, देवदर्शन, शकुन-अपशकुन यांत बुडालेला. मग वाचनाने शंका आल्या, शंकांमागून नवी खात्री आली. खात्री झाल्यावर माणूस तसा वागू लागतो, अशी आपली समजूत असते. बाबांच्या बाबतीत तसे झाले नाही. बुद्धीने कौल दिला होता, तरी पाऊल उचलत नव्हते. आईवडिलांची माया, लोकनिंदेची धास्ती, आज नको उद्या पाहू, अशी वर्षे गेली.

त्या वर्षांत ते परमहंस मंडळीचे सभासद होते. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ मध्ये मुंबईत काढलेली ही गुप्त सभा. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, पण दार लावून. बैठकीत एकत्र बसून पाव खायचा आणि घरी येऊन नेहमीचे सोवळे पाळायचे. या मंडळीला पुढच्या काळात भित्री म्हणून बरीच नावे ठेवली गेली. मला ती तितकी उपहासास्पद वाटत नाही. आत एक आणि बाहेर एक असे जगण्याची ती एक सामुदायिक सोय होती, आणि त्या सोयीचा कंटाळा आलेले काही जण तिच्यातून पुढे गेले. बाबा त्यांपैकी एक. ‘यमुनापर्यटना’तली यमुना आणि तिचा नवरा विनायक हीसुद्धा मनाने ख्रिस्ताकडे वळलेली, पण बराच काळ उघड पाऊल न टाकलेली माणसे आहेत. लेखकाला ही अवस्था ऐकून माहीत नव्हती, अंगावरून गेलेली होती.

बाप्तिस्म्याने ही दुविधा मिटली असे समजून आपण पुस्तक मिटतो. ख्रिस्ती माणसाला विचारा, तो सांगेल की दुसरी, जास्त चिवट दुविधा तिथून सुरू होते. देवाची ओढ लागलेली आहे, प्रार्थनेत मन रमते आहे, आणि त्याच मनात राग, हेवा, वासना, पैशाची हाव पूर्वीइतक्याच जोमाने उठताहेत. ज्याला देव नको आहे त्याला हा त्रास नाही. हे प्रकरण या दुसऱ्या दुविधेबद्दल आहे.

तिचे मूळ वर्णन प्रेषित पौलाचे. रोममधल्या मंडळीला इसवी सन ५७ च्या सुमारास त्याने जे पत्र लिहिले, त्याच्या सातव्या अध्यायात तो ‘मी’ म्हणून बोलतो. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे करायचे नाही तेच होऊन बसते, अशी ती कैफियत आहे. आत देवाच्या नियमाची आवड आहे, पण अवयवांत दुसराच नियम राज्य करतो आहे. गलतीकरांस पत्रात हेच तो आत्मा आणि देहस्वभाव यांचा झगडा म्हणून मांडतो. तिथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. देहस्वभावाच्या कर्मांची यादी तो देतो, तिच्यात व्यभिचार आणि दारूबाजी आहेतच. पण वैर, मत्सर, संताप, तट, फुटी हीही आहेत. म्हणजे शरीर वाईट आणि आत्मा चांगला असा हा मामला नाही. पंचकमिटीच्या निवडणुकीत दोन गट पाडणारा निर्व्यसनी सदस्य या यादीत दारुड्याच्या शेजारीच बसतो. उपदेशात मात्र दारुड्याचाच उल्लेख जास्त होतो.

पौलाचा हा ‘मी’ कोण, यावर सोळाशे वर्षे वाद चालू आहे. ऑगस्टीनने तरुणपणी म्हटले की हा विश्वास ठेवण्याआधीचा माणूस. नियमाखाली दबलेला, कृपा न मिळालेला. पुढे पेलाजियस नावाच्या साधूशी त्याचे वाजले. माणसाने मनावर घेतले तर तो पाप टाळू शकतो, असे पेलाजियसचे म्हणणे होते. त्या वादात ऑगस्टीनने आपले मत फिरवले: हा स्वतः पौल आहे, विश्वासात मुरलेला पौल. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने तीच वाट धरली आणि ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो असे सूत्र दिले. मालमत्तेच्या भाषेत सांगायचे तर उताऱ्यावर नवे नाव चढले आहे, जुन्या वहिवाटदाराने ताबा सोडलेला नाही, आणि तो आयुष्यभर सहजी सोडणारही नाही. बेळगावच्या दिवाणी कोर्टात पायऱ्या झिजवलेल्याला हे जास्त समजावून सांगावे लागू नये.

आता हा वाद युरोपातला म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसला. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आले आणि ते काम पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. प्रेसबिटेरियनांची सैद्धांतिक बैठक सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीची. तिच्या मते पवित्रीकरण या जन्मात अपुरेच राहते आणि देहस्वभाव व आत्मा यांच्यातली लढाई कधी तहाला येत नाही. बेळगावात लंडन मिशनने आपले काम १९०४ मध्ये मेथडिस्टांच्या हवाली केले. मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली नेमका उलट टोकाचा. त्याच्या मते रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातला माणूस अजून सुटलेलाच नाही. सुटलेल्या माणसाने तिथे मुक्काम करायचा नसतो, आठव्या अध्यायात जायचे असते. इतकेच नव्हे, याच जन्मात माणसाचे मन देवाच्या आणि शेजाऱ्याच्या प्रीतीने पूर्ण भरून जाऊ शकते, असे त्याने १७६६ च्या आपल्या पुस्तकात ठासून मांडले. मेथडिस्ट परंपरेत पाळकपदाची दीक्षा घेणाऱ्याला विचारले जाते: तू पूर्णत्वाकडे चालला आहेस काय? याच जन्मात प्रीतीत पूर्ण होण्याची तुझी अपेक्षा आहे काय? उत्तर ‘होय’ असे द्यायचे असते.

कोल्हापूरहून बेळगावकडे निघावे, निपाणी मागे टाकावी, आणि त्या दोन-अडीच तासांत ‘लढाई मरेपर्यंत’ या शिकवणीकडून ‘लढाई जिंकता येते’ या शिकवणीकडे यावे. दोन्हीकडे पवित्र शास्त्र तेच, मराठी तीच. प्रत्यक्षात रविवारच्या उपासनेला बसणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतोच असे नाही. लग्नसंबंध इकडून तिकडे होतात, गायने तीच म्हटली जातात, आणि वाद बहुतेक पाळकांच्या प्रशिक्षणातच राहतो. तरी फरक पोकळ नाही. पहिल्या शिकवणीचा धोका असा की माणूस आपल्या रागाला, व्यसनाला ‘देहस्वभाव आहे, काय करणार’ म्हणून गादी देतो. दुसरीचा धोका असा की तो पडल्याचे लपवू लागतो. वेस्ली याबाबत सावध होता, हे त्याच्या अनुयायांपेक्षा त्याच्याकडे पाहिले की कळते. जाणूनबुजून मोडलेला नियम तेवढेच त्याने खरे पाप धरले. अज्ञान, चूक, अशक्तपणा, मोह यांतून कोणी सुटत नाही असे तो स्पष्ट म्हणे. आणि स्वतः पूर्ण झाल्याचा दावा त्याने कधी केला नाही.

बेळगावच्या कॅम्पात तिसरे उत्तरही आहे. तिथली सेंट पॉल्स शाळा १८५६ पासूनची, जेझुइट या कॅथलिक संघाची, आणि नाव पुन्हा त्या कैफियत मांडणाऱ्या पौलाचेच. कॅथलिक मंडळींचा इथला स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला, पण गोव्याकडून आलेली कॅथलिक वस्ती त्याहून बरीच जुनी. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्ये ठरवले की बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, पण पापाकडे असलेली ओढ मागे राहते. ही ओढ म्हणजे पाप नव्हे. तिला मनाने संमती दिली तर पाप. ल्यूथरच्या लेखी ओढच पाप होती. वरवर हा शब्दच्छल वाटतो, पण रात्री एक नको तो विचार मनात आलेल्या माणसाला विचारा. ल्यूथरचे म्हणणे मानले तर तो सकाळी अपराधी म्हणून उठेल आणि कृपेवर टेकेल. ट्रेंटचे मानले तर ‘मी त्याला होकार दिला का?’ एवढेच तपासेल, आणि दिला असेल तर पापनिवेदनाला जाईल. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम तर १२१५ पासूनचा आहे.

जेझुइटांचा मूळपुरुष इग्नेशियस लोयोला याने हे तपासणे एक शिस्त म्हणून बांधून काढले. दिवसातून ठरावीक वेळी थांबायचे आणि मनात काय काय येऊन गेले ते देवासमोर पाहायचे. कोणत्या विचाराने शेवटी शांतता आली, कोणत्याने आधी गोडी आणि नंतर कोरडेपणा आला, याची नोंद घ्यायची. त्याचा एक नियम धर्म न मानणाऱ्यालाही उपयोगी पडावा: मन उदास आणि कोरडे असेल तेव्हा पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

ही सगळी पद्धत इग्नेशियसने शून्यातून काढली नव्हती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी मनाचा जो अभ्यास केला, तो आपल्याकडे फारसा माहीत नाही. त्यांतला एव्हाग्रियस ३९९ मध्ये वारला. त्याने माणसाला छळणारे आठ विचार मोजले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी ताडून पाहिले तर काम, क्रोध, लोभ, मद सरळ जुळतात. आपल्या यादीत मत्सर आहे, तो त्याच्याकडे वेगळा नाही. त्याच्या यादीत कंटाळा आहे, तो आपल्याकडे नाही. या कंटाळ्याचे त्याने केलेले वर्णन वाचून हसू येते. भर दुपारी साधू झोपडीच्या दाराशी येऊन सूर्य किती सरकला ते पाहतो, जेवणाला किती वेळ आहे याचा हिशेब करतो, ही जागा वाईट, इथली माणसे कोरडी, दुसरीकडे गेलो असतो तर देव लवकर भेटला असता असे ठरवतो. कचेरीत चार वाजता घड्याळ पाहणाऱ्या कोणालाही हा साधू अनोळखी वाटणार नाही. एव्हाग्रियसचे म्हणणे असे की हे विचार येणे आपल्या हाती नाही. ते मुक्कामाला राहतात की जातात, हे आपल्या हाती आहे. या विचारांना तोंडावर द्यायला त्याने शास्त्रातली शेकडो उत्तरे जमवून ठेवली होती. विचार दाबायचा नाही, त्याला उलट बोलायचे.

दाबण्याबद्दल आधुनिक मानसशास्त्राचेही थोडे ऐकावे. अमेरिकेत डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे गंमत अशी की, नंतर विचार करायची मुभा दिल्यावर आधी दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच येऊ लागले. पहिल्यापासून मुभा असलेल्यांच्या मनात तितके आले नाही. ‘वाईट विचार करायचाच नाही’ अशी शपथ युवक शिबिरात मुलांकडून घेणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवलेला बरा.

बाप्तिस्म्यानंतरच्या लढाईचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक चित्र ज्या पुस्तकात आहे, ते ईश्वरविज्ञानाचे नाही, घरसंसाराचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी स्वयंपाक, पाणी, शिवाशीव सगळे वेगळे ठेवून होत्या. मग एक दिवस विचार करता करता त्यांना उमगले की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि त्यांनी सोवळे सोडले. मनाने मान्य झालेली गोष्ट हाताने करायला किती जड जाते, हे त्यांनी ज्या मिस्किलपणे सांगितले आहे त्याला तोड नाही. आणि टिळक? तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे म्हणणारा हा कवी, भक्तीत बुडालेला, दुसऱ्यासाठी खिसा रिकामा करणारा. तोच शीघ्रकोपी, लहरी, बायकोला न विचारता घर विस्कटून टाकणारा. धर्म बदलला म्हणून राग गेला नाही. लक्ष्मीबाईंनी तो लपवलाही नाही, आणि त्यावरून नवऱ्याच्या विश्वासावर शंकाही घेतली नाही. ल्यूथरचे ते सूत्र मराठीत समजावून सांगायचे असेल तर पाळकांनी हे पुस्तक हातात द्यावे.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव यायला आणखी आठ वर्षे लागली. तोवर आपले पाप आपल्या प्रयत्नाने उतरवण्याची धडपड चालू होती. १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उज्जीवन झाले. मुली रडत, आपापली पापे मोठ्याने कबूल करत, तासन् तास प्रार्थना करत. त्याची बातमी जगभर गेली. अशा सामुदायिक कबुलीबद्दल मी थोडा साशंक असतो, कारण शेजारची रडते म्हणून रडू येते हेही खरे. पण दुष्काळातून, वैधव्यातून, छळातून आलेल्या त्या मुलींना आयुष्यात प्रथमच ‘मी’ म्हणून, स्वतःच्या मनाची मालकीण म्हणून बोलायला मिळत होते, ही बाजू विसरून चालणार नाही.

१९६० च्या दशकात क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश विद्वानाने या सगळ्या परंपरेलाच चिमटा काढला. पौल स्वतःच्या मनात एवढा कुढणारा माणूस नव्हताच, असे तो म्हणाला. फिलिप्पैकरांस पत्रात तर तो नियमशास्त्राच्या बाबतीत आपण निर्दोष होतो असे सरळ सांगतो. मनात डोकावत बसायची सवय ऑगस्टीनची आणि ल्यूथरची, ती आपण पौलावर लादली. या आक्षेपात तथ्य आहे, आणि निपाणीत ते जास्त पटते. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर इथे गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. मेथडिस्ट परंपरा दारू आणि तंबाखूपासून दूर राहायला सांगते. विडी ओढणाऱ्याला तो उपदेश लागू पडतो. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला त्यातून काय मिळते? तिचा प्रश्न आतल्या मोहाचा नाही, मजुरीचा आहे. स्वतःच्या मनातल्या पापाशी झुंजताना मजुरी बुडवणाऱ्याचे पाप दिसेनासे होत असेल, तर ती झुंज अपुरी आहे, असे माझे मत आहे.

शेवटी एक इशारा, कारण हे वाचणाऱ्यांत काही जण या लढाईने खरोखर थकलेले असतील. ल्यूथर मठात असताना तासन् तास पापे सांगत बसे, बाहेर पडल्यावर राहिलेले आठवून परत जाई. त्याचा गुरू स्टाउपिट्झ त्याला कंटाळला होता. इग्नेशियसला तर मान्रेसा इथे अशा पापशंकांनी इतके घेरले की जीव द्यावा असे त्याच्या मनात आले. कॅथलिक परंपरेने या अवस्थेला शतकानुशतके वेगळे नाव दिले आहे आणि ती भक्ती मानलेली नाही, दुखणे मानले आहे. आजचे मानसोपचारतज्ज्ञ तिच्यातली बरीच लक्षणे मंत्रचळाच्या आजारात धरतात, आणि त्यावर उपचार आहेत. क्षमा मागून झाल्यावरही तीच क्षमा शंभरदा मागणारा, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करणारा, आपल्या हातून न झालेल्या पापाची कबुली देणारा कोणी तुमच्या घरात किंवा मंडळीत असेल, तर त्याला आणखी एक उपवास सांगू नका. त्याला नीट जेवू घाला, झोपू द्या आणि डॉक्टरकडे घेऊन जा. पाळकसाहेबांनी सोबत जावे.